कोब्याखालचा मुरूम

नदीकाठच्या सखल जागेत घर बांधणारी माणसं अजूनही माझ्याकडे विचारायला येतात, की खाली जमीन कशाची करावी. मी इंजिनिअर नाही. प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि त्याच नोकरीत केस पिकले. पण पूर येऊन गेल्यावर साऱ्या वस्तीत आठवडाभर चिखल असायचा आणि आमच्या घरात दुसऱ्या दिवशी चूल पेटायची, ही गोष्ट आसपासच्या गावांत पसरली, तेव्हापासून लोक यायला लागले. मी सांगतो. काळी माती किती खोल काढावी, मुरूम कसा ठोकावा, सिमेंटवर पाणी किती दिवस धरावं, सगळं सांगतो आणि ते खरंही असतं. त्या जमिनीवर माझी आई एकही रात्र झोपली नाही, एवढं मात्र सांगत नाही. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते आज लिहून ठेवतो.

आमचं गाव दुधनेच्या काठचं. आठवड्याचा बाजार वालूरला. गाव टेकाडावर आणि आमची वस्ती उतारावर, नदीच्या अंगाला. वस्ती तिथं का, हे या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आम्ही धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले, मुलं शाळेत गेली, पण जागा तीच राहिली. दर वर्षी मोठा पूर यायचा असं नाही. पण काही वर्षांनी एकदा नदी फुगायची आणि मग आधी आमच्याकडे यायची.

घर म्हणजे एक आतली खोली आणि पुढं ओसरी. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, खाली सारवलेली भुई. पाणी ओसरलं की त्या भुईचा राडा व्हायचा. आई तो पायानं दाबत, वर कोरडी माती टाकत, पुन्हा पुन्हा शेणानं सारवत भुई धरायची. वरून ती सुकलेली दिसायची, पण आतून ओलीच असायची. रात्री अंथरलेली गोधडी सकाळी उचलली की खालच्या बाजूनं जड लागायची. कपडे, पीठ, माझी पुस्तकं, सगळ्यांना एकच कुबट वास यायचा.

मी लहान असताना एका पुरानंतर माझी बहीण गेली. काही महिन्यांची होती. घरात बाज एकच होती आणि त्या बाजेवर मला झोपवलं होतं, कारण मी मुलगा आणि मला सर्दी झाली होती. आई तान्ह्या पोरीला घेऊन खाली, ओल्या भुईवर पोती अंथरून झोपायची. चार-सहा दिवसांत पोरीची छाती भरली, श्वास घेताना पोट उडायला लागलं. बाया म्हणाल्या, डबा झाला. परभणीला न्यायचं ठरेपर्यंत ती गेली. नदीच्या काठाला तिला पुरलं, आणि पुढच्या एका पावसाळ्यात तो काठच तुटून गेला. त्यानंतर वडिलांनी कधी तिचा विषय काढला नाही. आईनंही काढला नाही. मला मात्र बाज आठवत राहिली. सुंभाची, मध्ये झोळ पडलेली. त्या बाजेवरून मला खाली झोपलेल्या आईची पाठ दिसायची.

मी नोकरीला लागलो त्याच्या आधीच वडील वारले. माझं लग्न झालं, मग दुष्काळाची वर्षं आली. आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दुष्काळ सरला, नदीला पुन्हा पाणी आलं आणि एक दिवस बायकोला दिवस गेल्याचं कळलं. तिची आई लहानपणीच वारलेली, त्यामुळे बाळंतपण आमच्याच घरी होणार होतं. मी त्याच संध्याकाळी ठरवलं, की माझं मूल ओल्या भुईवर झोपणार नाही. आणि आईलाही, जिला थंडीत खोकला लागला की बसून रात्र काढावी लागायची, तिला कोरडी जमीन द्यायची. एवढं एकच काम नीट करायचं, असं मी मनाशी घेतलं होतं.

मग मी ज्याला त्याला विचारत सुटलो. बोरीला माझ्या मावसभावानं ओढ्याकाठच्या घरात शहाबादी फरशी घातली होती. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. दिसायला देखणी, झाडली की स्वच्छ. पण तो म्हणाला, दमट हवेत तिला घाम सुटतो, लेकरं घसरतात. शिवाय दोन फरश्यांच्या सांध्यात मातीची बारीक रेघ आलेली मला दिसली. पाणी खालून तिथवर चढत होतं. आमच्या शाळेतही शहाबादीच होती, आणि भिंतीकडच्या फरश्यांचे पापुद्रे निघायचे. मुलं ते पाटीसारखे वापरायची. विटा उभ्या लावाव्यात असं एकानं सुचवलं. नक्षीच्या सिमेंट टाइल परभणीत मिळत होत्या, पण खालची माती पाण्यानं धुतली गेली की त्या पोकळ वाजायला लागतात, असं तिथला दुकानदारच म्हणाला. आपलाच माल विकायचा असून तो असं म्हणाला, म्हणून मला ते खरं वाटलं. चुन्याचा कोबा सगळ्यात चांगला, निजामाच्या काळातल्या कचेऱ्यांत अजून शाबूत आहे, असं सगळे म्हणायचे. पण चुना मळणारा माणूस कुणाला माहीत नव्हता.

एवढ्यानं माझं समाधान होईना. मी विटेचा, शहाबादीचा, टाइलचा आणि सिमेंटच्या कोब्याचा एकेक तुकडा गोळा केला आणि घमेल्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवला. कोण किती पाणी पितो ते बघायचं होतं. आईनं ते घमेलं पाहिलं.

"काय रं, दगडं भिजू घातलीस?"

"तपासायचंय, माय. कोण ओल धरतंय ते."

"मला वाटलं रातच्याला उसळ करायची हाय. मीठ टाकू का वाईच?"

बायको चुलीपुढं बसून पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो. त्या घरात आम्ही तिघं असं एकत्र हसल्याची मला ही शेवटची आठवण आहे.

शेवटी सेलूच्या एका मिस्त्रीला बोलावलं. तो बोलायला मोठा पटाईत. पहिल्यांदा आला तेव्हा मी कोब्याचं विचारलं, तर म्हणाला, "कोबा? काळ्या रानावर? तडकून नकाशा हुईल, मास्तर. शहाबादी घाला." मग मी तहसिलात अर्ज केला. त्या काळी सिमेंट परमिटावर मिळायचं. बऱ्याच खेपा घातल्यावर काही पोती मंजूर झाली. मिस्त्री पुन्हा आला आणि पोत्यांकडे बघून म्हणाला, "कोबाच करू. असा घोटून देतो की त्याच्यात बघून भांग पाडा."

"मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, तडकतो."

"मागच्या वेळंला तुमच्याकडं सिमेंट कुठं होतं?"

कोबा म्हणजे सिमेंटची सलग, घोटून गुळगुळीत केलेली जमीन. तिला सांधा नसतो. सांधा नाही म्हणजे पाण्याला वाट नाही. मला तेच हवं होतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, म्हणून ती कंबरेइतकी खणून काढायची, त्या जागी मुरूम भरून धुमसानं ठोकायचा, वर खडी, खडीवर डांबराचा हात आणि मग कोबा. माझ्या डोक्यात सगळं पक्कं झालं होतं. आईला मी एवढंच विचारलं, "लाल करायचा का काळा?"

"तुला आवडंल तो कर." थोडं थांबून ती म्हणाली, "आतल्या खोलीत सारवणच राहू दे की. ओसरीला कर कोबा."

"ओसरीला करून काय उपयोग? निजायचं आत. सिमेंट पुरलं तर ओसरी बघू."

"मग निदान त्या भिंतीकडचा कोपरा तरी तसाच ठेव."

"कामून?"

"उगंच. बसायला."

"कोपरा मोकळा ठेवला तर ओल तिथूनच शिरंल. मग सगळंच वाया."

ती गप्प बसली. मी तिला समजावून सांगितलं, ओल जमिनीखालून कशी चढते ते. कंदिलाच्या वातीत तेल चढतं तसं, असं शाळेत सांगावं तसं सांगितलं. ती मान हलवत होती.

आता इथं मला आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर तिचं गप्प बसणं कळणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी शेजारचं एक मूल तापानं फणफणलं होतं आणि आईनं त्याच्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या होत्या. मी तेव्हा धम्माच्या कामात फार पुढं होतो. वस्तीतल्या विहारात बुद्धजयंतीला मी भाषण केलं. आपण प्रतिज्ञा घेतल्या आणि तरी बाया काय करतात, हे सांगताना म्हणालो, "लांबचं कशाला, माझ्याच घरात बघा." सगळे आईकडे वळून बघायला लागले. काही जण हसले. आईनं पदर पुढं ओढला आणि सभा संपेपर्यंत मान वर केली नाही. मला त्या वेळी वाटलं, आपण घरच्यांनाही सोडत नाही, केवढे खरे आहोत. धम्मात करुणाही सांगितलेली आहे. मी मनाई तेवढी उचलली होती.

वैशाखात खणायला घेतलं. वस्तीतले दोघं-तिघं आणि मी. वरचा सारवणाचा थर पापुद्र्यांसारखा निघत होता. आई, आजी, पणजी, किती बायकांचे हात त्यात होते कुणास ठाऊक. त्याखाली मऊ, राखाडी माती लागली. गावातल्या जुन्या घरांखालची माती रानाला खतासारखी लागू पडते. पांढरीची माती म्हणून शेतकरी ती मागून नेतात. वरच्या गावातल्या एका शेतकऱ्याला कळलं आणि तो बैलगाडी घेऊन आला. त्याचं ओढ्यापलीकडचं रान हलकं होतं. म्हणाला, "गुरुजी, फेकू नका, मला द्या." मला बरंच झालं. गाड्या भरून जायला लागल्या.

भिंतीकडच्या कोपऱ्यात माझ्या कुदळीला एक चपटा दगड लागला. तो काढला तर खाली एक बोळकं होतं, मातीनं भरलेलं, कड फुटलेली. मी ते हातात घेतलं. आई दारात उभी होती. तिनं हात पुढं केला.

"फुटकं हाय, माय. ह्याचं काय करतेस?"

तिचा हात तिथंच थांबला. मग तिनं तो पदरात घेतला. "न्हाई, काई न्हाई," म्हणाली आणि ओसरीवर जाऊन बसली. मी ते बोळकं मातीबरोबर गाडीत टाकलं.

कोबा झाला. लाल केला. मिस्त्रीनं बोलल्याप्रमाणे घोटून दिला. त्यावर आळी करून पाणी धरलं, पोती भिजवून पसरली. सिमेंट संपलं आणि ओसरी सारवणाचीच राहिली. आम्ही नवराबायकोनं आत अंथरूण घातलं. आईचंही घातलं. रात्री तिनं ते उचललं आणि ओसरीवर नेलं. मला वाटलं, उकाडा आहे. पण पाऊस लागला तरी ती ओसरीवरच.

त्याच सुमारास तिनं खुरपायला जाणं सुरू केलं. मला पगार होता, घरात खाणारी तीन माणसं. तिनं मजुरीला जाण्याची काही गरज उरली नव्हती आणि दुष्काळानंतर तिनं ते सोडलंही होतं. आता पुन्हा सकाळी भाकरी बांधून निघायची. मला शाळेत एकानं विचारलं, "काय मास्तर, म्हातारीला अजून राबवताय?" तो विनोद होता, पण मला झोंबला. घरी आल्यावर मी आईवर चिडलो.

"मास्तरची माय खुरपं घेऊन हिंडायली. लोक माझ्या तोंडावर थुंकायचे राहिलेत."

"हातपाय हालले की बरं वाटतंय."

"मग घरापुढं भाजी लाव. आणि जातेस तर दुसऱ्या कुणाच्या कामाला का जात न्हाईस? रोज त्याच रानात कामून?"

"ते रान बरं हाय."

"हलकं रान हाय ते. सगळ्या गावाला माहीत हाय."

"आता सुधरलंय," ती म्हणाली.

ते ओढ्यापलीकडचं रान होतं. माती नेणाऱ्या शेतकऱ्याचं. मला त्याच्या पुढचं काही सुचलं नाही. मला वाटलं, म्हातारपण हट्टी असतं.

भादव्यात नदी आली. आम्ही सगळी वस्ती टेकाडावरच्या शाळेत जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा आतल्या खोलीत गुडघाभर उंचीपर्यंत भिंतींवर गाळाची रेघ होती आणि खाली बोटभर चिखल. मी आणि बायकोनं घागरींनी पाणी ओतून खराट्यानं चिखल बाहेर लोटला. दुपारपर्यंत लाल कोबा तसाच्या तसा वर आला, कुठं भेग नाही, कुठं पोकळ आवाज नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यावर कोरडा कागद ठेवून वर परात पालथी घातली. संध्याकाळी कागद काढला, तर तो कोरडाच. वस्तीतली माणसं बघायला आली. शेजारीण म्हणाली, "मास्तरच्या घरात पूर आला अन् पाय धुऊन गेला, बघा." मी लाजलो, पण मला फार आनंद झाला होता. मनात म्हटलं, आता कुणाची छाती भरणार नाही.

त्या रात्री आईनं ओसरीच्या ओल्या चिखलावर फळी टाकली आणि फळीवर गोधडी.

"आत कोरडं ठणठणीत असताना तू इथं झोपणार?"

"मला हितं झोप लागती."

"आणि लोक काय म्हणतील? सून आत, सासू चिखलात. माझ्याकडं बघून तरी आत ये."

"तुझ्याकडं बघूनच हितं झोपायले," ती म्हणाली. मला ते बोलणं टोमण्यासारखं लागलं. मी चार दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. तिचा खोकला मला आत ऐकू यायचा. कोरड्या जमिनीवर पडून मी तो ऐकत होतो आणि तिच्यावरच रागावत होतो.

थंडीच्या सुरुवातीला, एका सकाळी, बायको बाळंत झाली. मुलगी झाली. वस्तीतली सुईण आली होती. फार म्हातारी बाई, सगळे तिला आजी म्हणायचे. मीसुद्धा तिच्याच हातचा. सगळं सुखरूप झालं. मी दाराबाहेर उभा होतो. आतून आजीनं हाक मारली.

"मास्तर, कुदळ आणा. नाळ पुरायची हाय."

मी कुदळ घेऊन आत गेलो. "कुठं पुरायची?"

"कुठं म्हंजी? बाळंतिणीच्या खोलीत. हितं." तिनं टाच आपटली. कोबा वाजलाही नाही. मग तिनं खाली बघितलं. "अगं बाई. हे तर समदं थापून ठिवलंय तुमी."

"परसात पुरू या, आजी. कुठंही पुरली म्हणून काय फरक पडतोय?"

"तुला न्हाई पडत. तुझ्या मायला पडला की."

"मावशी, गप बसा," आई सुइणीला म्हणाली. ती बाळंतिणीच्या उशाशी पोरीला पुसत होती.

"कामून गप बसू? पयल्या पोरीचं तेवढंच राह्यलं होतं हिच्यापाशी. त्या कोपऱ्यात माझ्या हातानं पुरलं होतं मी, बोळक्यात घालून, वर दगड ठिवून. काठावरची जागा गेली नदीत. ही नाळ गेली गाडीत. आईनं पघायचं तरी कुठं रं, लेकरा?"

बायको डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात कुदळ होती आणि मला एकच गोष्ट सुचली. मी त्या कोपऱ्याकडे गेलो.

"फोडतो," मी म्हणालो. "माय, आत्ता फोडतो."

"नको."

"कोपरा फोडतो. पुन्हा करता येतो तो."

"आता फोडून काय निघंल?" ती म्हणाली. रागानं नाही, मला समजावून सांगावं तशी. "खाली मुरूम हाय. तूच आणलेला."

मी कुदळ खाली ठेवली. ते रान, ती रोजची भाकरी, ते 'आता सुधरलंय', सगळं माझ्यापुढं उभं राहिलं. ती कसलीही पूजा करत नव्हती. मी नंतर पुष्कळ विचार केला आणि मला खात्री आहे, की त्या नाळेत काही शक्ती आहे असं ती मानत नव्हती. तिच्या पोरीच्या देहातलं तेवढंच या जगात एका ठरलेल्या जागी होतं आणि ती त्या जागेशेजारी झोपायची. याला अंधश्रद्धा म्हणतात का, ते मला आज सांगता येत नाही. पण त्या वेळी तिनं सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते सांगता येतं. मी हसलो असतो. कदाचित पुढच्या बुद्धजयंतीला सांगितलंही असतं. हे तिला ठाऊक होतं. आत झोपली असती तर कधीतरी तोंडातून निघालं असतं, म्हणून माझ्याकडे बघून ती ओसरीवर झोपत होती.

दुपारी आईनं नव्या मडक्यात नाळ घेतली, वर फडकं बांधलं आणि खुरपं घेऊन निघाली. मी मागोमाग गेलो. तिनं मला येऊ नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. ओढ्याला टाचेइतकं पाणी होतं. पलीकडे ते रान. शेतकरी बाजाराला गेलेला, रानात कुणी नव्हतं. मुगाच्या जागी आता रब्बीची ज्वारी वीतभर आलेली होती.

"कुठं टाकली होती त्यानं माती?" मी विचारलं.

"ह्या बाभळीपासून त्या दगडापतुर." तिनं हात फिरवला. "पयल्या पावसात दिसायची, राखाडी. आता न्हाई कळत. मिसळली."

मला तर सगळं रान सारखंच दिसत होतं. बोळकं सापडलं होतं का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. ती इतके दिवस खुरप्यानं ही जमीन उकरत होती. पण विचारलं नाही. सापडलं असतं तर ती रोज आली नसती.

मी खड्डा खणायला वाकलो, तर तिनं खुरपं माझ्या हातात दिलं नाही. स्वतः बसली, ज्वारीच्या दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधोमध हातभर खोल उकरलं, मडकं ठेवलं, माती लोटली आणि तळहातानं दाबली. सारवताना दाबायची तशीच.

"माय," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"तुझं कसलं चुकलं? पोरगी ओलीनं गेली. तू ओल काढायला निघालास." ती माती दाबत राहिली. "मी सांगायला पाहिजे होतं. जीभ रेटली न्हाई."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथं उभा राहिलो. पायात चपला, अंगात शाळेचा शर्ट. आईनं हात झटकले. मला वाटलं, आता उठेल, घरी बाळंतीण एकटी आहे. पण खुरपं हातात होतंच. ती बसल्या बसल्या पुढं सरकली आणि तिनं पात धरली, म्हणजे दोन तासांमधला तो पट्टा खुरपत पुढं निघाली. सवयीनं, भराभर, मागं न बघता.

मी चपला काढल्या. तिच्या शेजारची पात धरून खाली बसलो आणि हातानं गवत उपटायला लागलो. मला ते काम कधी आलं नव्हतं. तिनं येऊ दिलं नव्हतं, मी शाळा शिकावी म्हणून. डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसतही नव्हतं. ती चार हात पुढं गेली होती. तिथून तिनं वळून बघितलं.

"अरं, ज्वारी उपटायलास तू," ती म्हणाली. "गवत बाजूला हाय."